बूटपॉलिश लावलेल्या चहादाणीबाबत

मी, तान रुईफेन, कै. हांग सोंगन्येन यांची पत्नी, वय ७९, धंदा जांभळ्या मातीच्या चहादाण्या घडवणे, राहणार दिंगशू, यीशिंग, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मुलगा हांग वेईपिंग गावभर उलटे सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर सून च्यू श्याओमान हिला, तिच्या एकटीच्या नावाने. घरात नवरा ठेवायचा की नाही, हा सर्वस्वी तिचा प्रश्न.

लग्न होऊन आली तेव्हा याच सुनेने माझ्या नवऱ्याची चहादाणी भांड्यांच्या साबणाने घासली होती. बिनझिलईची माती ती, साबण पिऊन बसली. मी म्हणाले, "तुझ्या माहेरी चहा पितात की आंघोळीचं पाणी?" ती रडली, पण जागची हलली नाही. "अहो आई, आता काय करू ते सांगा." तेलाचा हात न लागलेल्या पातेल्यात चहापत्ती घालून उकळायची, पाणी बदलायचे, पुन्हा उकळायची. वास जाईपर्यंत ती चुलीपाशी उभी होती. माफ मी अजून केलेले नाही. घर मात्र तिचेच.

२. वेईपिंग यास बाजारातले दुकान, कारण ते आधीच त्याच्या नावावर आहे. दुसरे काही नाही. कारण पुढीलप्रमाणे.

गुडघ्यासाठी मी इस्पितळात असताना त्याने बापाची तीच चहादाणी दुकानात नेली, तिला बूटपॉलिश चोळले आणि "शंभर वर्षांच्या चहाची चकाकी" म्हणून काचेच्या कपाटात मांडली. माझा नवरा गेला तो साठीत. शंभर वर्षे कुठून आणली? घरी आले, फळी रिकामी दिसली, काठी टेकत दुकान गाठले. शांघायचा एक व्यापारी दाणी हातात घेऊन बसला होता. मी ती त्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवली. किटलीतले उकळते पाणी वरून ओतले. काळे ओघळ त्याच्या पांढऱ्या बाहीवर गेले. तो उठून चालता झाला.

"अगं आई, गिऱ्हाईकाला चकाकी लागते!"

"ती रोजच्या चहाने चढते. तुझ्या बापाने जन्मभर चढवली."

"बरं. तू मेल्यावर विकीनच ना? तेव्हा पाणी ओतायला कोण येणार आहे?"

म्हणून हा कागद. पॉलिशची अर्धी डबी माझ्याकडे आहे, ती त्यास द्यावी.

३. लाकडी थापी, बांबूच्या सुऱ्या, शिंगाची पाती: श्याओमान म्हणेल त्याला. वेईपिंग सोडून. तो साच्यात पातळ माती ओततो, त्याला बादली पुरते. माझ्या नावाचा शिक्का मी फोडला आहे, शोधू नये.

४. सदर चहादाणी श्याओमान हिला, वापरण्यासाठी. कपाटात ठेवल्यास तिचा हक्क संपला असे समजावे. आत फक्त आपल्याकडचा लाल चहा, दुसरा कुठलाही नाही. पत्ती आत मुरत ठेवू नये. गरम पाण्याने विसळून, अंग कोमट असतानाच मऊ फडक्याने पुसावे, झाकण काढून वाळू द्यावे. फोडणीच्या धुरापासून लांब. पॉलिशचा वास तोटीत अजून थोडा आहे, तो जाईल. घाई करू नये.

५. माझ्या प्रेतापुढे वेईपिंगने मोठ्याने रडू नये. शेजाऱ्यांना खरे वाटेल.

साक्षीबद्दल: पलीकडच्या गल्लीतली फान सूच्येन हिला मी मुद्दाम बोलावले. आमचे कित्येक वर्षे बोलणे नाही. माझ्या झाकणांतून गळते, असे तिने प्रदर्शनात सगळ्यांदेखत म्हटले होते. ती माझ्या बाजूने खोटी सही करणार नाही, हे कोर्टालाही पटेल. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

"रुईफेन, यात मला काय ठेवलंयस?"

"काही नाही."

"मग आण पेन."

लिहून देणार: तान रुईफेन (सही)
साक्षीदार: १. फान सूच्येन (सही)
२. कुआंग देशेंग, निवृत्त टपाल कारकून (सही)
ठिकाण: दिंगशू, यीशिंग
दिनांक: १८ ऑक्टोबर २०१९