दुखत नाही म्हणालात ना?

अहो,

बघा, सुरुवातीलाच अडले. 'प्रिय' लिहावं तर तुम्ही हसाल. नाव लिहावं तर ते उखाण्याशिवाय कधी तोंडातून निघालं नाही. म्हणून आपलं 'अहो'च बरं. आधी एक सांगून टाकते. हे पत्र मी प्रेमाने लिहीत नाहीये. मला तुमचा राग आलाय आणि तो घेऊन उद्या लोणावळ्याला जायची माझी इच्छा नाही.

लोणावळ्याला स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये फेशियलच्या मशिनवाल्या मॅडम येणार आहेत. घरात पार्लर चालवणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना त्या सगळं करून दाखवणार. पाण्याच्या मशिनचं हायड्रा फेशियल, कातडी सोलणारं पील, सुयांचा रोलर, लाल-निळ्या लाइटचा मुखवटा. त्यातलं आपल्या पार्लरला काय घ्यायचं ते मी ठरवायचं. फोनवर म्हणाल्या, "ताई, येताना मॉडेल घेऊन या हं. तुम्ही नेहमी ज्यांच्यावर ट्राय करता ते कुणीही चालेल."

नेहमी ज्यांच्यावर ट्राय करता ते! काय सांगणार त्यांना? "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.

तळेगावचा पार्लरचा कोर्स संपवून मी आले तेव्हाचं आठवतंय? अख्ख्या आंबी गावात कुणी माझ्या हाताखाली तोंड द्यायला तयार नव्हतं. तुमच्या वहिनी, सुमनताई, दारातूनच म्हणाल्या, "माझं हाय तेच बरं हाय बाई. इद्रूप झालं मंग?" तेवढ्यात तुम्ही कंपनीतून आलात, बूट काढलेत आणि सरळ गादीवर आडवे झालात. "माज्यावर कर. माजं काय बिगडायचंय?" मी पॅक लावेपर्यंत तुम्ही घोरत होतात.

दुसऱ्या दिवशी नवलाख उंबरे गावात तुमच्या कंपनीच्या गेटवर पोरांनी तुम्हाला घेरलं. "दादा, आज लगीन हाय का?" तुम्ही मिशीवरून हात फिरवून म्हणालात, "बायकूचा हात फिरलाय. तुमच्यावर कोन फिरवतं का?" घरी येऊन तुम्ही ते मला चारदा सांगितलंत. मी चारही वेळा हसले.

तेव्हापासून आपल्या घरात रीतच पडली. नवीन काहीही आलं की आधी तुमच्या तोंडाला, मग गिऱ्हाइकाच्या. पुढच्या खोलीत तुम्ही प्लायवूडचं पार्टिशन घातलंत, बेसिन बसवलंत आणि पहिलं गिऱ्हाईकही तुम्हीच झालात. पील लावलं तेव्हा बटाट्याच्या सालीसारखे पापुद्रे निघाले. कंपनीत तुम्ही सांगितलंत, भट्टीपाशी भाजलं! मी घाबरून विचारलं, फार आग होते का हो? "छ्या! दुखत न्हाई. दे बायकांना." तुम्ही 'दे' म्हणालात की मी ते भिंतीवरच्या बोर्डावर लिहायची. तुमच्या 'दुखत न्हाई'वर मी पार्लर उभं केलं, अहो!

मग सुयांचा रोलर आला. तुम्ही म्हणालात, "एकाच गालावर फिरव. उजव्या. म्हंजी दोनी बाजूंचा फरक कळंल." मला किती कौतुक वाटलं तुमच्या डोक्याचं! शिकवणाऱ्या मॅडमलाही सुचलं नव्हतं. उजव्या गालावर रक्ताचे बारीक ठिपके आले, तरी तुम्ही छताकडे बघत निवांत पडून होतात. "मुंगी चावल्यागत व्हतंय. बस."

डाव्या गालाला तर तुम्ही त्याआधीपासूनच हात लावू देत नव्हतात. मसाज करताना बोटं तिकडे गेली की मान फिरवायचात. "तितं नको, गुदगुल्या व्हत्यात." इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला गालावर गुदगुल्या होतात हे कळून मी हसायची. सायलीलासुद्धा सांगितलं होतं, तुझ्या पप्पांचं काहीतरीच!

गुदगुल्या! शोभलं का तुम्हाला?

रोलर घ्यायला पहिली आली ती तुमच्याच कंपनीच्या कॅन्टीनमधली शैला. पुटकुळ्यांचे खड्डे बुजवायचे होते तिला. अर्ध्यावरच तिने माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं. "ताई, तुमी तर म्हनला मुंगी चावल्यागत व्हतंय. तुमच्या मालकांना खरंच दुखलं न्हाई?" मी म्हटलं, नाही गं. ती उठून बसली आणि म्हणाली, "मंग त्यांना कायतरी झालंय. दाखवा त्यांना कुटंतरी."

बिचारी रागात बोलून गेली. पण त्याच दिवशी जेवताना मी तुमच्याकडे नीट पाहिलं. भाकरी दुधात भिजवून, एकाच बाजूने, बारीक बारीक घास. तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटंसुद्धा आत जाईनात. तुम्ही म्हणालात, "अक्कलदाढ येतीये." चाळिशी उलटल्यावर? अक्कल तरी यायला हवी होती!

तंबाखूची पुडी सुटली म्हणून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीत. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती महिने दुखतंय? तुम्ही माझ्याकडे न बघता खालच्या आवाजात सांगितलंत, "लय दिस झालं." तिथे त्या स्टुलावर बसून मला पहिल्यांदा कळलं, डाव्या गालात जे चाललं होतं त्याच्यापुढे सुया तुम्हाला मुंगीच वाटल्या असणार. म्हणजे तेवढं तरी खोटं बोलला नव्हतात म्हणायचं!

पुढचं लिहीत नाही. ते तुम्हीही पाहिलंय आणि मीही.

पण तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. ते ऐका. दहाव्याला आलेल्या बायका माझ्या कानाशी लागून विचारत होत्या, "रोज त्यांचं त्वांड चोळत हुतीस, तुला कसं कळलं न्हाई गं?" एकीने नाही, जिने तिने! मी तेव्हा खाली मान घातली होती. आता घालत नाही. माझी चूक नव्हती. माझ्या हातांनी विचारलं होतं, तुमच्या तोंडाने उत्तर चुकवलं. दुखतंय म्हणायला तुमचं काय जात होतं? मी हसले असते का तुम्हाला? उलट दुसऱ्याच दिवशी पुण्याला घेऊन गेले असते.

आणि हे अ‍ॅडव्हान्स फेशियलचं खूळ मी हौसेने नाही घेतलेलं. तुमच्यामागे नवऱ्या यायच्या बंद झाल्या. लग्नसराईत अंगणात गाड्या लागायच्या, त्या सगळ्या बंद. तिकोणा पेठेच्या एका पोरीला लग्नात नटवायचं काम तर आधीपासून ठरलेलं होतं. तिची चुलती आली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मनाला लावून घिऊ नको वैशाली. नवरीला सवाष्णीचाच हात लागावा, असं आमच्या आत्याबाई म्हनत्यात. बाकी तू फेशियल कर की! त्याला कोन काय म्हनतंय?"

म्हणजे माझे हात गालाला चालतात, कपाळाला चालत नाहीत. त्याच हातांनी मी निम्म्या मावळाच्या पोरी नटवल्या आहेत. तेव्हा कुणाचं काय वाईट झालं? मेलात तुम्ही आणि विटाळले माझे हात! हा कुठला न्याय?

तर आता फेशियलच उरलंय. ज्यात कुणाला शकुन-अपशकुन सुचत नाही असं काहीतरी, जे शेजारच्या पार्लरात मिळत नाही. पवना धरणाच्या बाजूला बंगल्यांवर शनिवार-रविवारी येणाऱ्या बायका विचारतात, हायड्रा करता का? कंपनीतल्या पोरी डाग घालवायचं विचारतात. निवड चुकली तर सायलीचं बारावीनंतरचं शिक्षण अडेल, आणि कुणाचा तरी चेहरा भाजेल. आमच्या बायका भातलावणीला उन्हात असतात. त्यांना कसलं पील सोसेल आणि कसलं नाही, हे मी कुणाला विचारू? पूर्वी उत्तर तुम्ही द्यायचात. आता तुमच्या सगळ्याच उत्तरांवर माझा विश्वास राहिला नाही. भिंतीवरचा बोर्ड मी काल उतरवून ठेवला. त्यातलं कुठलं खरंच दुखत नव्हतं आणि कुठलं तुम्ही दात आवळून सोसत होतात, सांगा ना!

सुमनताईंना विचारलं, येता का माझ्याबरोबर मॉडेल म्हणून? त्या म्हणाल्या, "मला काम हाय." सायली म्हणाली, "आई, माझ्यावर कर." मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले की पोर रडली. सोळा वर्षांचा कोवळा चेहरा तो! पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला. ती म्हणाली, "मी सोसेन गं, पप्पांसारखं." अगदी तुमच्यासारखी मान तिरकी करून म्हणाली. हे शिकवून गेलात तुम्ही तिला?

मग मीच म्हटलं, माझा चेहरा काय वाईट आहे? आजवर मी स्वतःला एक साधं फेशियलसुद्धा केलेलं नाही. सुमनताईंनी ते ऐकलं आणि ओट्यावरूनच सुरू झाल्या. "नवरा जाऊन वरीस सरतंय न सरतंय आन् ही त्वांड चमकवणार! चार मान्सं काय म्हनत्याल?" चार माणसं! तुम्ही तोंड चमकवून गेटवर उभे राहायचात तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र पुसून टाकल्यासारखं उभं राहायचं, हेच त्यांना हवंय.

आज तुमचा फोटो पुसताना सारखं वाटत होतं, हा माणूस आत्ता म्हणेल, "जा की, कुणाला भितीस?" म्हणाला असतात, माहीत आहे मला. तेवढे तुम्ही चांगले होतात. म्हणूनच तर जास्त राग येतो. वाईट माणूस गेला असता तर मी केव्हाच विसरून मोकळी झाले असते.

तर ऐका, तुम्हाला वचन देते. शपथ नाही घालत, शपथेचं काय होतं ते मी पाहिलंय. उद्या त्या खुर्चीत मीच बसणार आहे. मशीन, पील, लाइट, एकेक करून माझ्या चेहऱ्यावर घेणार. जिथे आग होईल तिथे हात वर करून थांबवणार, भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. सुया मात्र नाही. त्या डॉक्टरांच्या हातात शोभतात. शैलाकडे त्यासाठी मी जाऊन आले, माफी मागायला नाही, फक्त सांगायला की तू खरं बोललीस. जे मला सोसेल तेच आपल्या दारात मिळेल. आणि टेबलावर आडव्या होणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी सांगणार, दुखलं की बोलायचं, इथे कुणी सोसून मोठेपणा दाखवायचा नाही. सायलीलाही तेच सांगितलंय. रडत रडत 'बरं' म्हणाली.

संध्याकाळी परत येईन तेव्हा तोंड लाल झालेलं असेल, कदाचित सुजलेलंही. बस स्टॉपपासून घरापर्यंत सगळी आळी ओट्यावर असते त्या वेळेला. पदर ओढणार नाही मी. सुमनताई विचारतील, काय गं, लागलं का काय? मी त्यांना सांगेन, हो ताई, लय दुखतंय.

तुमच्यावर रागावलेली, आणि तरीही तुमचीच,
वैशाली