सायबर इन्चार्ज, समता कॉलोनी

३ मार्च, सकाळी ११
आजपासून मी लॅबचा सायबर इन्चार्ज. मालकीण क्षमा मॅडमनं सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं. शब्द असे होते की नरहरी, तसेही तुम्ही बसूनच राहता, हे पाहा. मी शब्दांकडे लक्ष दिलं नाही. पद पाह्यलं. ३१ तारखेले माझं एक्स्टेंशन संपते. अजून एक वर्ष देतात की घरी बसवतात, हे मॅडमच ठरवणार. आता मिळालंच समजा. समता कॉलोनीत पॅथॉलॉजी लॅब बऱ्याच असतील, इन्चार्ज एकच.

दुश्मन ओळखून ठेवला. गंधाली. कॉम्प्युटर ऑपरेटर. वय सव्वीस, जीभ साठीची.

५ मार्च
गंधालीनं चार पानं छापून आणली. म्हणे काका, आता चोर माणसाचा आवाज चोरतात. कोणाचं दोन मिनिटांचं भाषण जरी ऑनलाइन सापडलं तरी मशीन त्याच्या आवाजात बोलते. म्हणून फोनवर कोणी काहीही करायले सांगतलं की फोन ठेवायचा, आणि आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर उलट लावून विचारायचं. वरून दर शनिवारी सगळ्या रिपोर्टची कॉपी काढून लॅबबाहेर ठेवायची, म्हणे.

मी म्हटलं, पोरी, सोळा वर्षं हे काउंटर सांभाळून राहिलो. मॅडमचा आवाज मी तापातही ओळखीन. पानं ठेवून घेतली. मागची बाजू कोरी आहे.

९ मार्च
उपाय लागू. सगळ्या कॉम्प्युटरले एकच पासवर्ड, म्हणजे कोणी विसरणार नाही. कागदावर लिहिला, लॅबचा शिक्का मारला, लॅमिनेट करून भिंतीवर लावला. फाटायचा धोका खतम. गंधाली हसली. नाव रजिस्टरात घेतलं.

१४ मार्च
चोरी पकडली! शनिवार पाहून पोट्टी हार्ड डिस्क पर्समध्ये घालून चालली होती. म्हणे कॉपी आहे, मॅडमच्या घरी ठेवते, मागच्या शनिवारीही ठेवली. अरे वा! डिस्क जप्त. कॉपी बंद. आत काय लपवलं ते पाहाले डिस्क माझ्या कॉम्प्युटरले लावून ठेवली.

घरी विमलाले सांगतलं. ती म्हणे, त्या पोरीच्या मागं काहून लागून राहिले तुम्ही. बायकोले सायबर समजत नाही.

१७ मार्च, दुपारी ३
मॅडम नागपूरले कॉन्फरन्सले गेल्या आहेत. नव्या नंबरवरून फोन आला. आवाज मॅडमचाच. पण काय बोलल्या! नरहरीजी, मुझे सिर्फ आप पर भरोसा है. बाजूले मोठे डॉक्टर असतील म्हणून हिंदीत. म्हणाल्या, नवा इंजिनियर लिंक पाठवेल, ती कॉम्प्युटरवर उघडा, स्क्रीनवर नंबर येईल तो त्याले सांगा. स्टाफले कळू देऊ नका. मी एक्स्टेंशनचं विचारलं, तर म्हणाल्या, दोन वर्षांचं पक्कं.

सोळा वर्षांत पहिल्यांदा 'जी'. खरं सांगतो, डोळे भरून आले. लिंक उघडली. नंबर दोनदा वाचून दाखवला, चूक नको. इंजिनियर मले सर म्हणाला. घरी जाताना पाव किलो पेढे घ्यायचे.

१८ मार्च
आज फ्रॉड पकडला! अनोळखी नंबर. बाईचा आवाज, हुबेहूब मॅडमसारखा. म्हणे नरहरी, माझा फोन बंद पडला, दुसऱ्याच्या फोनवरून बोलून राहिले. बीरगांवच्या त्या कामगाराचा रिपोर्ट अजून काहून नाही गेला, डोकं घरी ठेवून येता का तुम्ही?

लगेच ओळखलं. कालच्या मॅडम अशा बोलूच शकत नाहीत. बाई, लाज वाटू दे म्हटलं. जेलात सडशील म्हटलं. अजून दोन शब्द वापरले, ते इथं लिहीत नाही. नंबर ब्लॉक. मग गंधालीले बोलावून शिकवलं की चोर असा पकडतात. तिचा चेहराच उतरला.

१९ मार्च, सकाळी ९
सगळ्या स्क्रीन लाल. इंग्रजीत लिहून आहे की पैसे भरा, नाहीतर रिपोर्ट विसरा. अकरा वर्षांचे रिपोर्ट कुलूपबंद. जप्त केलेली डिस्क लावलेलीच होती, तीही गेली. बाहेर पेशंट बोंबलून राहिले. एकानं काउंटरवर मूठ आपटली, म्हणे माझ्या आईचं उद्या ऑपरेशन आहे, रिपोर्ट काय तुझ्या बापाकडून आणू?

गंधालीवर लेखी तक्रार. कॉम्प्युटर बंद म्हणून हातानं लिहिली. तीन पानं.

२१ मार्च
मॅडम परतल्या. १८ तारखेचा फोन त्यांचाच होता. मी म्हटलं, मॅडम, दक्षता! त्यांनी पेन फेकून मारला. लागला नाही.

बाहेरून इंजिनियर आणला, खरा. त्यानं माझा मोबाइल पाह्यला, लिंक पाह्यली, मग माझ्याकडे पाह्यलं. विचारलं, मॅडमचं मराठी मंडळातलं भाषण नेटवर कोणी टाकलं. मीच. चांगलं झालं होतं.

७ तारखेची कॉपी मॅडमच्या घरी निघाली. जुने रिपोर्ट वाचले. गेले ते फक्त बारा दिवसांचे. मॅडमनं माझी तक्रार गंधालीसमोरच फाडली. पोट्टीनं तुकडे उचलून डब्यात टाकले. माज आहे.

२५ मार्च
तीन दिवसांपासून फोन करून राहिलो. दोनशे बारा पेशंट. प्रत्येकाले सांगायचं की या, पुन्हा रक्त द्या, माफ करा. लोक मलेच फ्रॉड समजतात! एक बाई म्हणे, तुझा नंबर पोलिसात देते. कित्येकांनी ब्लॉक केलं. हरामखोर दुनिया आहे, सरळ माणसाले जगू देत नाही.

निश्चय: ३१ ले मॅडमसमोर ठणकावून सांगायचं, संकटात सगळ्यात जास्त फोन मी केले.

३१ मार्च, सायंकाळी ५
केबिनमध्ये बोलावलं. शिव्या खायची तयारी ठेवून गेलो. ओरडल्या नाहीत. विचारलं, उलट एक फोन लावून पाहावं असं वाटलंच नाही का तुम्हाले?

ठणकावायचं राहून गेलं. खरं तेच तोंडून निघालं. वाटलं होतं, मॅडम. नंबरही काढला होता तुमचा. पण लावला असता, आणि तुम्ही म्हटलं असतं की मी नाही बोलले तसं, तर?

मॅडमनं चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, सोळा वर्षांत मी तुमच्याशी असं कधी बोलले का, नरहरी? तेवढ्यावरून तरी ओळखायचं होतं.

खरं आहे. तेवढ्यावरून कोणीही ओळखलं असतं.

एक्स्टेंशन नाही. चाव्या गंधालीले दिल्या, रजिस्टरात तिची सही घेतली. ती दारापर्यंत आली. म्हणे, काका, जपून जा.