कोनफळ आणि कटर

३ ऑगस्ट
उघडीप. बोईसर, एमआयडीसीतल्या एका कंपनीचा मागचा प्लॉट. गवत छातीएवढं. खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे दोन कटर, एकावर मी, दुसऱ्यावर बाब्या. बाब्या दातिवऱ्याचा, बापाची होडी आहे, पण होडीत पोटात ढवळतं म्हणून समुद्र सोडून माझ्याकडे. स्वतःला पार्टनर म्हणवतो. अर्ध्या तासात धामण निघाली आणि पार्टनर थेट गेटच्या केबिनमध्ये. वॉचमन हसतोय, "अरे भाई, वो तो रोज आती है. अपनी स्टाफ है."
बाब्याला विचारलं, समुद्रात साप नसतात का रे? म्हणे, "असतात ना. पन ते जाल्यात असतात. हा मोकला हाय."
संध्याकाळी मागे वळून बघितलं. सगळं सपाट, एकसारखं. अंगाला कापलेल्या गवताचा वास. आवडतो मला. कॉलेजात असं काही पूर्ण झाल्यासारखं कधी वाटलंच नाही.

६ ऑगस्ट
मा. भेटली. शिफ्ट सुटल्यावर, वडापावच्या गाडीपाशी. मा. म्हणजे मानसी. पूर्ण नाव शक्यतो लिहिणार नाही, बाब्याला दुसऱ्याचं वाचायची सवय आहे. आम्ही एका बॅचचे. मी दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडून बाहेर, ती पास होऊन कंपनीच्या लॅबमध्ये.
बातमी वाईट. दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघणार. घरी आमचं कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, आत्ता एडवणला येतो, तुझ्या पप्पांशी बोलतो.
"तू बोलत नाहीस. भांडतोस."
मग तिनेच रस्ता काढला. त्यांच्या वाडीत गवत माजलंय, माणसं मिळत नाहीत. ते काम मी घ्यायचं. "पप्पांना माणूस कामातून कळतो. आधी तू आवडू दे त्यांना. आपलं मग सांगू."
म्हणजे परीक्षा. परत.

१० ऑगस्ट
एडवण. नारळ, चिकू, मागे विहीर, पलीकडून समुद्राचा आवाज. भास्करकाका, म्हणजे मा.चे पप्पा, बारीक, उंच, कमरेला कोयता. कटरभोवती फिरून बघितलं.
"हे खोडाला लागलं तर?"
"नाही लागत काका. खोडाभोवती हाताने काढतो."
"बरं."
हे 'बरं' मी दिवसभर चघळलं. मा. चहा घेऊन आली, ओळखच नाही अशी. बाब्याला म्हणाली, "साखर चालेल ना?" मला काहीच नाही. तरी माझ्याच कपात साखर जास्त होती.

११ ऑगस्ट
घात केला. मीच.
विहिरीमागे वाऱ्याने काठ्या पडलेल्या, त्यांच्यावरून जमिनीवर वेल पसरलेला. पान मोठं, बदामाच्या आकाराचं. आमच्याकडे मनोरच्या बाजूला हा वेल पावसात रानभर, कडूकंद. बांधावर चढला की आई म्हणते, उपट आधी.
बाब्या म्हणाला, "काकांना इचारू काय?"
मी म्हटलं, शेतकऱ्याच्या पोराला विचारावं लागतं होय? आणि फिरवलं कटर.
काका आले आणि नुसते उभे राहिले. कडूकंद नव्हताच तो. कोनफळ होतं. वैशाखात लावलेलं. थंडीत जमिनीतून जांभळा कंद निघतो, त्याची यांच्याकडे मडक्यात वाफवून उकडहंडी होते, आणि काका बहिणींच्या घरी एकेक कोनफळ स्वतः नेऊन देतात. दरवर्षी. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच ऐकू आलं, "डोळे आहेत की गोट्या?"
माझं डोकं फिरलं. "मग काठ्या नीट बांधायच्या होत्या ना! जमिनीवर लोळतोय तर गवतच वाटणार!"
तोंडातून गेलं. मा. पडवीत उभी. काका आवाज न चढवता म्हणाले, "मशीन उचल. उद्यापासून येऊ नको."

१२ ऑगस्ट
मा.चा एकच मेसेज. "तोंड!"
बाब्याला शेवटी सगळं सांगितलं. म्हणतो, "लोक सासऱ्याच्या पाया पडतात. तू त्यांचा वेलच कापलास." दिली एक पाठीत. पण खरं बोलला.
निम्मे वेल गेले. निम्मे आहेत.

१३ ऑगस्ट
सकाळी बाइकला बांबूच्या काठ्या बांधून एडवणला. पिशवीत सुतळी.
"येऊ नको म्हटलं होतं."
"गवत कापायला नको म्हणालात. मी वेल बांधायला आलोय."
पुढे आणखी दोन वाक्यं तयार होती, जरा तिखट. गिळली. घसा दुखला म्हणायचा.
काकांनी काठ्या मोजल्या. मग एक वेल माझ्या हातात दिला. "बोटांत फिरव. काय लागतं?"
चौकोनी लागतं. कडांना धार. कडूकंदाचा वेल गोल. म्हणाले, "पानाकडे बघून कुणीही फसेल. हात लावायचा." मग सुतळी हातात घेत, "काठ्या माझ्याच चुकल्या होत्या."
विचारलं, कापलेल्याचं काय? "बुडातून फुटला तर फुटला. त्याची मर्जी."

२४ ऑगस्ट
फुटले! सगळे नाहीत, पण बरेच. लालसर, बारीक, सुतासारखे कोंब. काकांना हाक मारली तर धावत आले, त्यांना वाटलं साप.
उरलेल्या वाडीचं काम पुन्हा माझ्याकडे. आता दर रविवारी जातो, गवत असो नसो. काकांनी कारण विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

७ सप्टेंबर
तारापूरला एक बंगला. कटरखालून खडा उडाला, मालकाच्या गाडीच्या आरशाला तडा. मालक माझ्या आईवर घसरला. कटर खाली ठेवलं, मुठी आवळल्या. मग म्हटलं, "आरसा बसवून देतो. आईचं नाव घेऊ नका." एवढंच. बाब्या घाबरून मधे येऊन उभा राहिला होता. म्हणे, "तुला ताप हाय काय?"
मा.ला फोन करून सांगितलं. ती कितीतरी वेळ हसत होती.

२८ सप्टेंबर
रविवार. वेल काठ्यांच्या टोकाला. काकांच्या शेजारचा वाडीवाला विचारत होता, हा कोण? काका म्हणाले, "पोराचं डोकं गरम आहे, पण हात बरा." त्याच्या वाडीचंही काम मिळालं. पण मी खूश त्या 'बरा'वर.
दुपारी जेवायला ठेवून घेतलं. बोंबलाचं कालवण. मा.ने वाढलं. "अजून भात?" "नको." संपलं संभाषण. समोर बसल्यावर टेबलाखाली पाय मात्र तिने दाबला, माझा समजून बाब्याचा. बाब्या ठसकला.

१९ ऑक्टोबर
ऊन. गवत पिवळं पडायला लागलंय. गावी भातकापणी, दोन दिवस घरी होतो. आई म्हणाली, कॉलेज सोडल्याचा आता राग येत नाही, पण लग्नाचं काय? मी म्हटलं, बघतोय. "बघतोयस की कोणाला बघतोयस?" आईला कळतं सगळं.

८ नोव्हेंबर
दिवाळी झाली. काकांचा फोन. "उद्या विरारचे पाहुणे येणार. पुढचं अंगण साफ हवंय. येशील ना?"
येतो म्हटलं. फोन ठेवला आणि भिंतीवर बुक्की मारली. भिंतीला काही झालं नाही.

९ नोव्हेंबर
गेलो. सकाळी सकाळी अंगण साफ केलं. कडेची दूर्वा हाताने छाटली, वाटेवरचे खडे उचलले, तुळशीपाशी झाडू मारला. मनात आलं होतं, फाटकापाशी थोडं गवत तसंच ठेवावं, त्या नवरदेवाच्या पँटला कुसळं लागावीत. नाही ठेवलं. मा.च्या घराचं अंगण आहे ते.
गाडी आली तेव्हा कटर खांद्यावर घेऊन मागच्या वाटेने निघालो. मुलगा बँकेत. बूट चकचकीत. बाब्या म्हणाला, "बूट भारी हायत." त्याला चालत पाठवणार होतो एडवणहून.

११ नोव्हेंबर
मा.ने त्या स्थळाला नकार दिला. काकांनी कारण विचारलं, ती म्हणाली, थोड्या दिवसांनी सांगते. काका चिडले नाहीत, कोयता उचलून वाडीत गेले.
मला म्हणाली, "आता तू बोलायचंस. मी बोलले तर त्यांना वाटेल, तू लपून बसलास."
"आणि नाही म्हणाले तर?"
"तर नाही म्हणतील. तू ओरडायचं नाहीस."

७ डिसेंबर
कोनफळाची पानं पिवळी. काका म्हणाले, पूर्ण वाळली की खणायचं. बोलायला तोंड उघडलं, निघालं, "काका, पाणी आहे का?" मागच्या रविवारीही पाणीच मागितलं होतं.

१४ डिसेंबर
बोललो.
कुंपणालगतचं वाळलं गवत कापत होतो, बाहेरून आग आत येऊ नये म्हणून दरवर्षी काढतात. काका जवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. कटर चालूच. मोठ्याने, "काका, मला मानसीशी लग्न करायचंय!"
काकांनी कानाला हात लावला. "काय?"
पुन्हा ओरडलो. त्यांनी हाताने खूण केली, बंद कर.
बंद केलं. एकदम शांत. समुद्र ऐकू यायला लागला. आणि तेच वाक्य शांततेत बोलायचं म्हणजे काय असतं ते कळलं. बोललो. "तिलाही करायचंय," हेही.
काका वेलांकडे बघत होते.
"कधीपासून?"
"कॉलेजपासून."
"म्हणजे वेल कापलास तेव्हाही?"
"हो."
"त्या विरारच्या पाहुण्यांसाठी अंगण साफ केलंस, तेव्हाही?"
"हो."
त्यांनी कुंपणात अडकलेली गवताची काडी उपटली. मग म्हणाले, "अंगण चांगलं केलं होतंस." आणि घरात गेले.
राहिलेलं कुंपण पूर्ण केलं आणि निघालो. भांडलो नाही. भांडायला काही दिलंच नाही त्यांनी.

१५ डिसेंबर
दिवसभर बोईसरच्या प्लॉटवर. हाताला काम होतं म्हणून बरं.
संध्याकाळी मा.चा मेसेज. काल जेवताना पप्पांचं लक्ष नव्हतं. आईने विचारलं तर म्हणाले, भात वाढ. आज मात्र स्वतःहून मा.ला म्हणाले, "उद्या कोनफळ काढायचंय. त्याला यायला सांग. कटर नको. तो बाब्या पण नको."
मी विचारलं, चेहरा कसा होता? म्हणे, पप्पांचा असतो तसाच.
बाब्याला वाचून दाखवलं. त्याने नीट विचार केला. "कटर नको म्हंजे खनायला बोलावलाय. बाब्या नको म्हंजे मारायला."
उद्यासाठी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. मग वाटलं, खणायला इस्त्रीचा कशाला? कामाचा काढला. मग वाटलं, बोलायलाच बोलावलं असेल तर?
दोन्ही पिशवीत टाकलेत. कुठला घालायचा ते फाटकापाशी, त्यांच्या हातात पहार आहे की नाही ते बघून ठरवेन.