गाडीत माझाच रेडिओ

शनिवार, ४ ऑक्टोबर. फुनाबोरी, जपान.
आज ऐतिहासिक काम. गाडीतला जपानी रेडिओ उपटला, आपला पुण्याचा बसवला. पुण्यातली गाडी विकताना मी तो काढून घेतला होता. घेणारा कुरकुरला. कुरकुरू दे. बायको, जयंती, म्हणते, अरे, इथला छान चालत होता की! चालत होता, पण बटणं सगळी जपानीत. चार वर्षांत मला जपानी आलं नाही म्हणून नव्हे हं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ७.४०
आज न जळणाऱ्या कचऱ्याचा वार. जपानी रेडिओ पारदर्शक पिशवीत घालून ठेवून आलो. जयंती म्हणत होती, राहू दे माळ्यावर. बायकांना काही टाकवत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
लेक कौमुदी नाचतच शाळेतून आली. बरंच काही बोलली, अर्थात जपानीत. मी नेहमीप्रमाणे 'हो, हो' म्हटलं. नंतर जयंतीने सांगितलं: एकोणीस तारखेला, रविवारी अकराला, वॉर्डाच्या छोट्या एफएमवर तिची मुलाखत, लाइव्ह! हे स्टेशन नेटवर नाही, फक्त रेडिओवर. ८४.३. मी जाहीर केलं: गाडीतच ऐकायचं. बघा, रेडिओ कसा कामी आला!

शनिवार, ११ ऑक्टोबर.
रेडिओ ८७.५ पासून सुरू होतो. त्याच्या खाली जातच नाही. भारतात एफएम तिथूनच सुरू होतं, तेच योग्य. जपान्यांना ७६ पर्यंत खाली उतरायची काय गरज? वर तीन स्टेशनं लागतात. तिन्हींवर कोणीतरी हसत असतं.

रविवार, १२ ऑक्टोबर.
लांब एरियल लावली. तीच तीन स्टेशनं, जास्त मोठ्याने हसतात.

सोमवार, १३ ऑक्टोबर.
तोडगा मिळाला. बँड कन्व्हर्टर, म्हणजे खालची स्टेशनं वर आणून ऐकवणारं यंत्र! ऑफिसातला भानुदास पुण्याला गेलाय, शनिवारी परततोय. त्याला आणायला सांगितलं. जयंती म्हणाली, खालच्या मोरिया आजींच्या गाडीत रेडिओ आहे, विचारू का? खबरदार, म्हटलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. रात्री ९
कन्व्हर्टर बसवला. आता एकही स्टेशन लागत नाही. भानुदास म्हणतो, दुकानदाराने विचारलं, जपानी रेडिओ ना? तो हो म्हणाला. म्हणजे हे यंत्र जपानी रेडिओवर भारतातली स्टेशनं ऐकवतं. मला नेमकं उलटं हवं होतं. भानुदास मूर्ख आहे. कौमुदी झोपताना म्हणाली, बाबा, तू नक्की ऐकशील ना? चक्क मराठीत.

रविवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १
शेवटी मोरिया आजींच्या गाडीत, मागच्या सीटवर. आजींच्या मांडीवर बिस्किटांचा डबा. अकराला कौमुदीचा आवाज! स्वच्छ, खणखणीत. डोळे भरून आले, काय लपवायचं. 'ओतोसान' म्हणजे बाबा, हे मला येतं. ती दोनदा म्हणाली. मग आजी खो खो हसल्या. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. जयंती तेवढी खिडकीबाहेर बघत होती.

त्याच दिवशी. रात्री ८
कौमुदीने पुन्हा मराठीत विचारलं, बाबा, रागावला नाहीस? आजी म्हणाल्या, तू खूप हसलास. मी म्हटलं, छे, रागवायचं काय त्यात? मग स्वयंपाकघरात जाऊन जयंतीला हळूच विचारलं, काय म्हणाली ती?

ती म्हणाली होती: बाबांच्या गाडीत भारतातला रेडिओ आहे. त्याला जपानी ऐकू येत नाही. बाबांचंही तसंच आहे. दोघंही नुसता आवाज करतात.