दादाचं दुखणं ग्रहणाचं नव्हतं

आई, आज मी इतकी खुशीत आहे की कुणाला सांगू असं झालंय, आणि तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचेना. तूच मला चौथीतून काढून चुलीपाशी बसवलंस, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं येईल, ते चालवून घे. तुझी पणती, माझ्या धाकट्याची मुलगी, बरी झाली. आजच तिच्या डोक्याचा दुसरा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडापुढे धरला आणि म्हणाल्या, "अम्मा, साफ है." गोळ्या अजून थोडे दिवस चालतील, पण काळजी सरली. परत येताना टेम्पो पाटणकर बाजारात अडकला, तर मी उतरून तिळाची गजक घेऊन आले. मुलगा ओरडला, आई शुगर आहे तुला. ओरडू दे.

झालं असं की हिवाळ्याच्या तोंडाला पोरगी माझ्याकडून वेणी घालून घेत होती आणि बसल्या जागी आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. सून किंचाळायला लागली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कारण मी ते पाहिलेलं होतं. माधवगंजच्या आपल्या घरात दादा असाच पडायचा. तू धावत यायचीस, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचीस, आत्या चप्पल घेऊन यायची आणि त्याच्या नाकाला लावायची. दादा शुद्धीवर आला की आधी तुझ्याकडे बघून हसायचा, जसं काही त्याचंच चुकलं. शाळा सुटली, मुंज घरातल्या घरात उरकली, कुणी पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवायचं. ऐन तारुण्यात गेला तेव्हा लोक म्हणाले, सुटला. तुझ्या मनात मात्र ते ग्रहण होतं. दादा पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि बाबांना कचेरीत जायची घाई म्हणून तू विळीवर बसून भाजी चिरलीस. आत्यानं ते जन्मभर बोलून दाखवलं. आणि तू गोड सोडलंस. संक्रांतीला आपल्या लष्कर भागात घरोघर तिळाचा वास सुटायचा, तू आमच्या हातावर वड्या ठेवायचीस आणि बोटं पदराला पुसायचीस.

तर पोरगी पडली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी विहीणबाई आल्या. चहा घेता घेता अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या माहेरी होतं ना हो कुणाला तरी?" आई, मी बशी खाली ठेवून सुनेकडे पाहिलं. ती खाली बघत होती. म्हणजे घरात हे बोलणं आधीच झालेलं. मला झोप येईना. माझ्यातून गेलं असेल, तर त्या पोरीच्या पुढ्यातही मागची खोलीच आली, असं वाटत राहायचं.

मग तो फोटो काढला तर डोक्यात निघाली जंताची गाठ. चण्याएवढीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा डुकराच्या मांसातून येणारा जंत. मी तडक म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आम्ही ब्राह्मण. त्या हसल्या. "अम्मा, सूअर कोई और खाता है, अंडे आपके घर आ जाते हैं." कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात तो जंत वाढतो, त्याची अंडी उघड्यावर पडतात, नाल्याच्या पाण्यानं मळ्यात जातात. तिथं डुकरानं खाल्ली तर डुकराच्या अंगात गाठी, आणि पाल्याबरोबर किंवा न धुतलेल्या हातानं आपल्या पोटात गेली तर आपल्या. एखादी डोक्यात जाऊन बसते आणि झटके येतात. रक्तातून वारशानं येत नाही. हे त्यांनी सुनेसमोर म्हटलं, दोनदा म्हणायला लावलं मी. पोरगी तर काय, आता गणितात मार्क कमी पडले की म्हणते, "आजी, मैंने नहीं, कीड़े ने गलत किया."

मग मी भीत भीत दादाचं विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी नक्की कोण सांगणार, पण आपल्याकडे असं खूप असतं, त्यालाही हेच असू शकतं. आणि ग्रहणानं? म्हणाल्या, ग्रहणानं काही होत नाही अम्मा. आई, मला तिथंच तुला हाक मारावीशी वाटली. तू काही केलं नव्हतंस. एवढं कळवायलाच बसले मी.

पण लिहिता लिहिता आपलं स्वयंपाकघर डोळ्यापुढे उभं राहिलं. तू सोवळ्यात, केस ओले, आम्ही कुणी शिवायचं नाही. दाराशी माळीण नाल्याकाठच्या मळ्यातला मुळा ठेवून जाते, पाल्याला ओली माती. तू तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडतेस, झाली भाजी शुद्ध, आणि पाल्यासकट बारीक चिरून कोशिंबीर करतेस. दादाला ती फार आवडते. बिचाऱ्याला दुसरं सुख काय, म्हणून सगळ्यांच्या वाटची थोडी थोडी काढून तू त्याच्या ताटात वाढतेस.

आता हे तुला कसं कळवू? एक ओझं उतरवायला गेले तर त्याच हातानं दुसरं ठेवल्यासारखं होईल. तेव्हा हे पत्र राहू दे माझ्यापाशीच.

आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, भाई कच्ची सब्ज़ी खाते थे क्या. मी म्हटलं, आठवत नाही.