ठोक्यांमधलं अंतर

१७ फेब्रुवारी
नांदेडच्या अतिदक्षता विभागातल्या ड्युट्या सोडून आले ते बरंच केलं, असं आज वाटलं. विश्वंभरभाऊ वसमतच्या स्टँडवर स्वतः गाडी घेऊन आले होते. घर कुरुंद्याच्या अलीकडे, शेतात. नवं, दुमजली, फिक्या हिरव्या रंगाचं. समोर हळद शिजवायचा कुकर चालू होता, खळ्यावर हळद वाळत होती आणि सगळ्या आवारात ओल्या मातीसारखा, थोडा औषधी वास. मला वरच्या मजल्यावर वेगळी खोली, पंखा, खिडकी. आशावहिनींनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढलं. नाव विचारलं. प्रतीक्षा म्हटल्यावर म्हणाल्या, चांगलं नाव हाय.

पेशंट म्हणजे विश्वंभरभाऊंच्या आई, सत्यभामाबाई. पोटाचा कॅन्सर, आता दवाखान्यातून घरी आणलंय. शांत झोपल्या होत्या. अशी शांत पेशंट मिळणं नशिबाचं. संध्याकाळी अंग पुसून दिलं, वेणी घालून दिली. केस अजून दाट आहेत.

१९ फेब्रुवारी
आज त्या जाग्या झाल्या. मी कुशीवर वळवत होते तर मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, “तू बी ह्यांचीच का?” मी म्हटलं, मी नर्स आहे, आजी. मग त्यांनी लेकाला हाका मारायला सुरुवात केली, शिव्या देत. आवाज खणखणीत. बाहेर जळबा, जो फाटकावर असतो, त्यानं लगेच हळद पॉलिश करायचा ढोल सुरू केला. त्या खडखडाटात काही ऐकू येईना.

विश्वंभरभाऊ सिरिंज घेऊन आले आणि सुई त्यांनीच दिली. मी म्हटलं, ते माझं काम आहे. ते म्हणाले, डॉक्टरांनी शिकवलंय, तुमी फक्त धरा. मी धरलं.

२२ फेब्रुवारी
शांत करायचं इंजेक्शन, उलटीचं इंजेक्शन आणि छातीत कफ झाला म्हणून चालू केलेलं अँटिबायोटिक. तिन्ही एकाच वेळी चालू आहेत. आम्ही नांदेडला एवढं एकत्र द्यायचो तेव्हा आधी ईसीजी काढायचो. यांच्या उलट्या काही थांबत नाहीत, खाणं नाही. नाडी मधूनच एक ठोका खाते. डॉक्टरांना फोन केला. उचलला नाही.

दुपारी आजी अगदी स्वच्छ बोलल्या. लेकीला, मोहिनीला बोलवा म्हणाल्या, ती जवळा बाजारला दिलीय. मग भिंतीकडे बघत लेकाबद्दल म्हणाल्या, “ह्याच्या बापाला बी असंच निजवलं ह्यानं. म्या बघितलं. आता माजी पाळी.”

मी हे आशावहिनींना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांचे पीठ मळणारे हात थांबले. म्हणाल्या, म्हातारीचं डोकं गेलंय, तुमी कानावर घेऊ नका. तेव्हापासून माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट दाराशी ठेवून जातात.

२५ फेब्रुवारी
सकाळी सुई दिल्यावर आजींचे डोळे फिरले, हात-पाय झटकले, नाडी हाताला लागेना. मग आपोआप परत आली. घरातले म्हणाले फिट आली. फिट नव्हती.

डॉक्टर आले. वयस्कर, शांत माणूस. मी सगळं बोलले. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. त्यांनीच मला समजावलं. ठोका पडला की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला क्षणभर लागतो. ही औषधं तो क्षण लांबवतात. एकेकटी बहुधा चालून जातात. तिन्ही एकत्र, त्यात उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं, मग हृदय नुसतं फडफडतं, रक्त पुढे जात नाही. कधी सावरतं, कधी नाही. मला माहिती आहे सिस्टर, म्हणाले. मग निदान शांत करायचं बदला, मी म्हटलं. त्यांनी खिडकीतून विश्वंभरभाऊंकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि म्हणाले, “घरच्यांना बराबर वाटतंय ना. मग झालं.”

एकही औषध बदललं नाही.

२७ फेब्रुवारी
काल आणि आज मी सुईत नुसतं सलाईन भरलं. विश्वंभरभाऊ वसमतला गेले होते म्हणून जमलं. आजी वाटीभर आंबील प्यायल्या. माझ्या केसांना हात लावून म्हणाल्या, लेकरा, तेल लाव जरा. नाडी सरळ.

मोहिनीताईंचा नंबर आजींना पाठ होता. मी फोन केला. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, दादा सांगून राहिला की आई कोणाला वळखत न्हाई, येऊ नको, तिला तकलीफ होती. मी म्हटलं, ओळखतात, उद्याच या.

२८ फेब्रुवारी
मोहिनीताई आल्या. फाटक उघडलं नाही. त्या ओरडत होत्या, जळबानं ढोल लावला. मी धावत जिन्यापर्यंत गेले तर आशावहिनी पायरीवर आडव्या बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

मग विश्वंभरभाऊ खोलीत आले. माझा फोन उचलून खिशात घातला. “तुमचं काम म्हातारीला बघायचं. आमचं घर बघायचं न्हाई.” आवाज चढवला नाही. शांत करायची आणि उलटीची, दोन्ही सुया त्यांनी भरल्या. मी मध्ये गेले, त्यांनी मला भिंतीवर ढकललं आणि सुया दिल्या. आजी त्यांच्याकडे बघत होत्या. शिवी दिली नाही. नाव घेतलं फक्त, लहानपणीचं असावं, बाळ्या.

माझी बोटं आजींच्या मनगटावर होती. एक ठोका. मग पाखरू मुठीत धरावं तसं काहीतरी. मग काही नाही. मी छाती दाबायला लागले. विश्वंभरभाऊंनी मला खांद्याला धरून ओढून काढलं.

डॉक्टरांनी दाखल्यावर कारण कॅन्सर लिहिलं.

२ मार्च
काल सगळं उरकलं. मोहिनीताईंना प्रेताजवळ येऊ दिलं, माझ्याजवळ नाही. जाते म्हटलं. विश्वंभरभाऊ म्हणाले, तेरावं होऊ द्या, पाव्हणे विचारतील. फाटकाला कुलूप. मी म्हणाले, मी गप्प बसणार नाही, पोलिसांकडे जाणार. असं का बोलून गेले मी. आशावहिनी ऐकत होत्या.

त्यांनी आज स्वतः जेवायला वाढलं. समोर बसून.

३ मार्च
उलट्या. जुलाब. उभं राहवत नाही. डॉक्टर येऊन गेले. सलाईन लावलं, उलटीचं दिलं. मी नको म्हटलं. आशावहिनींनी कपाळावरून हात फिरवला. अँटिबायोटिकची बाटली तीच आहे, आजींची. लेबलवर त्यांचं नाव.

४ मार्च
खाली पाहुणे. मोहिनीताईंचा आवाज. मी हाका मारल्या, खूप. आशावहिनी कोणालातरी सांगत होत्या, तापात बरळून राहिली बिचारी, म्हातारीचा लळा लागला होता.
ढोल सुरू झाला.
मग विश्वंभरभाऊ. सुई. जळबानं पाय धरले.

तीच, आजींची, शांत करायची. वासावरून नाही, जिभेवरून कळतंय. जीभ कडक होतीय. मान वळते आपोआप —

५ मार्च
दोनदा अंधार. परत आले. किती वेळ, माहीत नाही.
नाडी स्वतःच धरते. ठोका. ठोका. — नाही. — ठोका.
केळं मागितलं. पोटॅशियम. मलाच हसू आलं.

दुपार
मोहिनीताई खोलीत. त्यांना आज वर सोडलं. काहून सोडलं? आता मला बोलता येत नाही म्हणून.
उशाशी बसल्यात. रडतायत. तुमी माज्या आईची लई सेवा केली म्हणतात. माझा डावा हात धरलाय, सुईसाठी. दादानं सांगितलं, झोप लागली की बरं वाटंल. त्या धरून ठेवतायत घट्ट. प्रेमानं —

जीभ हलत नाही. लिहितेय ते त्यांना तापातलं खरडणं वाटतंय.

त्यांची बोटं मी ओढून मनगटावर ठेवली. दाबली. थांबा. बघा —

चुकलेला ठोका त्यांच्या बोटांना कळला. चेहरा बदलला. माझ्याकडं पाहिलं, मग दाराशी सिरिंज घेऊन उभ्या विश्वंभरभाऊंकडं. दादा, म्हणाल्या, दादा, आईला बी असंच —

तो दार लावून घेतोय. सिरिंजमधली हवा काढ