सात बरण्यांमधील पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय.

विषय : अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या सात बरण्यांमधील चिठ्ठ्या नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : तपासणी समितीचा शेरा व आपली दि. ८ मार्चची सूचना.

महोदय,

१. मी प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे परिचर आहे. चिठ्ठ्यांवरील मजकूर अशास्त्रीय असल्याने सातही जुन्या बरण्या चिठ्ठ्यांसकट टाकून द्याव्यात, असा आदेश झाला आहे. शेरा रास्त आहे. चूक माझी आहे.

२. स्पिरिटमध्ये शाई पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत सोडण्याची आमची रीत आहे. माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे एका सुट्टीत सात चिठ्ठ्या मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडून लिहून घेतल्या. प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलेले तिने लिहिले, आणि थोडे मनचेही. समितीने खुणा केलेला मजकूर असा : "स्पंज. जागचा हलत नाही, तरी प्राणीच." "गांडूळ. कणा नाही, पाय नाहीत, कातडीने श्वास घेते." "तारामासा. हात तुटला तर नवा येतो." "जेलीफिश. हाडे नाहीत, मेंदू नाही, हृदय नाही. बिचारी."

३. शेवटच्या शब्दाबद्दल मी तेव्हाच तिला टोकले होते. ती म्हणाली, "बाबा, हृदयच नाही, तर हिला कुणाची आठवण कशी येणार?" मी चिठ्ठी तशीच बरणीत सोडली. शब्द राहून गेला.

४. त्याच वर्षी ती तापाने गेली. तिच्या वह्या ट्रंकेत जपल्या होत्या. छप्पर गळून त्यात पाणी शिरले आणि शाईचे अक्षर न् अक्षर धुऊन गेले. तिच्या हातचे म्हणून आता या सात चिठ्ठ्याच उरल्या आहेत. तिची आई दरवर्षी प्रदर्शनाच्या दिवशी येते. प्राण्यांकडे बघत नाही, चिठ्ठ्या वाचते आणि घरी जाते. या बरण्या पुसण्याचे काम मी एकोणीस वर्षे दुसऱ्या कुणाला करू दिलेले नाही, याचीही कबुली देतो.

५. तरी बरण्या ठेवून त्यांवर बाहेरून नव्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात व आतल्या जुन्या मला द्याव्यात. ते नियमात बसत नसल्यास, बरण्या ओतताना मोरीपाशी गाळणी धरून उभे राहण्याची मला परवानगी द्यावी. प्राणी एकही मागत नाही. चिठ्ठ्या वाळल्या तर फाटतील, म्हणून झाकणाची बाटली मी घरून आणीन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
परिचर, प्राणिशास्त्र प्रयोगशाळा
दि. ११ मार्च

सोबत : नव्या छापील चिठ्ठ्या, सात. मजकूर सरांकडून तपासून घेतला आहे. 'बिचारी' हा शब्द वगळला आहे.